घरच्या यंत्रांची नावनिशी

मुळशी तालुक्याचं एक टोक हिंजवडीत आहे आणि दुसरं ताम्हिणी घाटात. एका टोकाला राजीव गांधी इन्फोटेक पार्क, जिथे बसून लोक परदेशी बँकांचे आणि विमा कंपन्यांचे सर्व्हर सांभाळतात. दुसऱ्या टोकाला राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक. मधल्या पट्ट्यात भूगाव, भुकूम, पिरंगुट, पौड. तिथल्या नव्या सोसायट्यांत आणि शेताच्या कडेला उठलेल्या बंगल्यांत आता घरोघर एक छोटं जाळं असतं : राउटर, दोन-तीन लॅपटॉप, सगळ्यांचे मोबाइल, टीव्ही, वाय-फायवर चालणारा प्रिंटर, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, आणि घरात कुणी हौशी असेल तर फोटोंसाठी नेटवर्कला जोडलेली हार्डडिस्क.

जुलैतल्या एखाद्या संध्याकाळी लाईट जाते, तासाभराने येते. (मुळशी धरणाच्या पाण्यावर खाली भिऱ्याला १९२७ पासून वीज तयार होते, म्हणून मुळशीतल्या घरांची लाईट जायची थांबते असं नाही.) राउटर सुरू होतो, इंटरनेट येतं, मोबाइलवर सगळं ठीक दिसतं. प्रिंटर मात्र ‘ऑफलाइन’. मग तो बंद करून चालू करणं, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकणं आणि शेवटी नेटवाल्याला फोन. नेटवाला म्हणतो, “साहेब, आमच्याकडून लाईन ओके आहे.” आणि तो खरंच बोलत असतो.

कारण बिघाड कुठेच झालेला नसतो. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता देतो, तोही ठरावीक मुदतीपुरता. लाईट जाऊन आली की अनेक राउटर जुनी वाटणी विसरतात आणि जो आधी मागेल त्याला आधी देतात. काल प्रिंटर १९२.१६८.१.५ होता, आज तो .९ झाला आणि .५ वर टीव्ही येऊन बसला. लॅपटॉप बिचारा जुन्या आकड्यावर छापायला पाठवत राहतो. त्याला आकड्याऐवजी नाव दिलं असतं, आणि त्या नावाचा आजचा आकडा कोणता हे घरातच कुणी सांगितलं असतं, तर छपाई अडली नसती. ही सांगण्याची व्यवस्था हाताने कशी लावायची, एवढाच या पुस्तिकेचा विषय आहे.

एक सूचना आधीच करायला हवी. इथे आकडे देवनागरीत छापले आहेत, यंत्रात भरताना ते इंग्रजीतच भरायचे.

१९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते फेब्रुवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने खासगी वापरासाठी राखून ठेवले. इंटरनेटचे बरेचसे नियम अशा क्रमांकित आरएफसींमधूनच ठरतात. या एका गटात ६५,५३६ पत्ते आहेत आणि ते कुणाच्याही मालकीचे नाहीत. म्हणून पौडमधला प्रिंटर आणि न्यू जर्सीतल्या मराठी घरातला टीव्ही, दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.५ असू शकतो, आणि त्यात काही चूक नाही. मात्र याचा एक परिणाम पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. घराबाहेरच्या कुठल्याही सर्व्हरला, मग तो कितीही मोठ्या कंपनीचा असो, पौडमधला प्रिंटर कोणता हे माहीत असणं शक्यच नाही. घरातल्या नावांचं दप्तर घरातच ठेवावं लागतं. ते ठेवायला दुसरं कुणी येणार नाही.

बाहेरच्या जगात नावांची सोय कशी लागली, ते टपालाच्या पत्त्यावरून चटकन कळतं. नुसतं ‘माण’ लिहून टाकलेलं पत्र कुठे जाईल? माण हे हिंजवडीशेजारचं, आयटी पार्कने वेढलेलं गाव आहे, आणि माण हा सातारा जिल्ह्यातला दहिवडीचा तालुकाही आहे. म्हणून पाकिटावर मुक्काम पोस्ट माण, तालुका मुळशी, जिल्हा पुणे असं लहानाकडून मोठ्याकडे लिहीत जायचं. तेवढ्याने भागेना म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड आला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे पंडित होते. इंटरनेटवरची नावंही अशीच, डावीकडे सर्वांत लहान आणि उजवीकडे सर्वांत मोठं, मधे टिंबं. आपल्या हद्दीतली नावं सांगायची जबाबदारी प्रत्येक पायरीवर त्या त्या हद्दीच्या धन्याची. जिल्ह्याला प्रत्येक घर माहीत असायची गरज नाही, तालुका कुठे आहे एवढं सांगता आलं म्हणजे झालं.

ही रचना पहिल्यापासून नव्हती. १९७०च्या दशकात अर्पानेट या अमेरिकी जाळ्यावर जेमतेम काही शे यंत्रं होती आणि त्या सगळ्यांची नावं-आकडे एकाच फाइलमध्ये असत. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथल्या एसआरआय या संस्थेत एलिझाबेथ फीनलर यांचा गट ती फाइल सांभाळायचा. नवं यंत्र आलं की त्यांना कळवायचं, त्या नोंद करणार, आणि मग जाळ्यावरच्या प्रत्येकाने ताजी फाइल उतरवून घ्यायची. दोन ठिकाणी एकच नाव ठेवलं गेलं तर कुणाला तरी माघार घ्यावी लागे. यंत्रं वाढली तशी फाइल फुगली, ती सारखी बदलू लागली आणि उतरवून घेणाऱ्यांची गर्दी झाली. अखेर सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमधल्या पॉल मॉकापेट्रिस यांनी नोव्हेंबर १९८३ मध्ये आरएफसी ८८२ आणि ८८३ मधून वाटून घेतलेल्या दप्तराची योजना मांडली. तीच डीएनएस. १९८७ साली ती सुधारून आरएफसी १०३४ आणि १०३५ आल्या, आणि त्यावर भर पडत गेली तरी पाया आजही त्यांचाच आहे.

भारताच्या वाट्याला आलेल्या ‘.इन’ या हद्दीचं दप्तर बरीच वर्षं मुंबईत जुहूला होतं. नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी, ही संस्था ते बघायची. १९९२ ते २००४ या काळात नोंदवली गेलेली नावं होती सुमारे ७,०००. त्यामागे नियमांची कडक शिस्त होती. जानेवारी २००५ पासून ते काम निक्सी या संस्थेकडे गेलं, नियम सैल झाले आणि नावांचा ओघ लागला. एनसीएसटी तोवर पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकमध्ये विलीन झाली होती.

फीनलर यांच्या फाइलची परंपरा मात्र संपलेली नाही, आणि हा या विषयातला सर्वांत गमतीचा भाग म्हणावा लागेल. आजच्या प्रत्येक लॅपटॉपमध्ये ‘होस्ट्स’ नावाची साधी मजकुराची फाइल असते. लिनक्स आणि मॅकवर ती ईटीसी फोल्डरमध्ये सापडते. विंडोजवर ती सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टिम३२, त्यात ड्रायव्हर्स आणि त्यात पुन्हा ईटीसी, इतक्या आत दडवलेली आहे. एका ओळीत आधी आकडा, मग मोकळी जागा, मग नाव, बस्स. बाहेर कुणाला विचारण्याआधी संगणक हिच्यात बघतो. इंटरनेट बंद असो वा चालू, हिच्यावर परिणाम होत नाही.

एक किंवा दोन संगणकांच्या घराला हीच फाइल पुरते आणि तिथे पुढच्या कशाचीही गरज नाही, हे या पुस्तिकेने मोकळेपणाने सांगितलं आहे. अडचणी येतात त्या किरकोळ, पण छळणाऱ्या. विंडोजमध्ये नोटपॅड ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करून उघडलं नाही तर फाइल सेव्ह होत नाही. सेव्ह झाली तर कधी नोटपॅड तिच्या शेपटीला ‘.टीएक्सटी’ चिकटवून ठेवतं आणि संगणक तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. मग तपासायला माणूस ‘एनएसलुकअप’ ही आज्ञा देतो, नाव सापडत नाही असं उत्तर येतं आणि तो हताश होतो. खरं तर एनएसलुकअप होस्ट्स फाइल वाचतच नाही, ते थेट डीएनएस सर्व्हरला विचारतं. तपासायचं असेल तर ‘पिंग’ वापरावं. हिंजवडीत रोज सर्व्हर सांभाळणारे लोकसुद्धा इथे चकतात.

फाइलची खरी मर्यादा वेगळीच आहे. ती प्रत्येक संगणकात स्वतंत्रपणे भरावी लागते, आणि मोबाइलमध्ये ती बदलूच देत नाहीत. आयफोनवर तर नाहीच, अँड्रॉइडवर फोन रूट केल्याशिवाय नाही. घरात मोबाइल जास्त आणि संगणक कमी, अशीच आता बहुतेकांची स्थिती. त्यामुळे दप्तर एका जागी ठेवून सगळ्यांनी तिथेच विचारायचं, याकडे वळावं लागतं. फीनलर यांच्या फाइलपासून मॉकापेट्रिस यांच्या योजनेपर्यंतचा प्रवास प्रत्येक घराला आपल्यापुरता पुन्हा करावा लागतो तो इथे.

ती जागा म्हणजे शक्यतो राउटर. घरगुती राउटरांपैकी पुष्कळांच्या पोटात सायमन केली यांनी लिहिलेला डीएनएसमास्क हा छोटा प्रोग्राम असतो; ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त प्रणालीत तर तो मुळातच दिलेला आहे. आकडे वाटणं आणि नावं सांगणं ही दोन्ही कामं तो एकट्याने करतो, म्हणून दोन नोंदींत तफावत पडत नाही. प्रिंटरच्या हार्डवेअर पत्त्यासमोर कायमचा आकडा लिहून ठेवायचा आणि त्या आकड्यासमोर नाव. लाईट शंभरदा गेली तरी प्रिंटर .५ च राहतो. नेटवाल्याने फुकट दिलेल्या राउटरमध्ये मात्र आकडा राखून ठेवायची सोय असली तरी नाव लिहायची नसते, आणि कधी त्या पानापर्यंत पोचायचा अधिकारच ग्राहकाला दिलेला नसतो. मग स्वतःचा दुसरा राउटर मागे लावायचा, नाहीतर रास्पबेरी पायसारख्या लहान संगणकावर डीएनएसमास्क किंवा पाय-होल चालवायचं.

रास्पबेरी पायची हौस पुण्याच्या आसपास पुष्कळ आहे, आणि पाय-होल जाहिरातीही अडवतं म्हणून ते लोकप्रिय आहे. पण घाटाकडच्या गावात ते लावणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्यातलं मेमरी कार्ड अचानक वीज जाण्याला फार भितं. लिहिणं चालू असताना पुरवठा तुटला की कार्ड खराब होऊ शकतं, आणि मग घरातल्या एकालाही कुठलंच संकेतस्थळ उघडता येत नाही, कारण सगळी नावं विचारली जात होती त्याच एका डब्याला. इन्व्हर्टरच्या सर्किटवर किंवा राउटरच्या छोट्या यूपीएसवर तो घेतलेला नसेल तर लावूच नये, इतकं स्पष्ट म्हणायला हरकत नाही.

या भीतीपोटी लोक जे करतात त्यातून या विषयातला सर्वांत चिवट घोटाळा जन्मतो. राउटरच्या पानावर डीएनएससाठी दोन चौकटी असतात. पहिलीत घरातल्या सर्व्हरचा आकडा भरायचा आणि दुसरीत, तो बंद पडला तर असू द्यावा म्हणून, ८.८.८.८. हा गुगलचा सार्वजनिक सर्व्हर डिसेंबर २००९ पासून चालू आहे आणि त्याचा आकडा तोंडपाठ असतो. दुसरी चौकट म्हणजे राखीव खेळाडू, ही समजूत चुकीची आहे. कोणतं यंत्र कोणत्या वेळी दोघांपैकी कुणाला विचारेल याची खात्री नसते. आणि गुगलला विचारलं गेलं की तो सांगतो, असं नाव अस्तित्वात नाही. हे उत्तर अंतिम मानलं जातं. मग पहिल्याला विचारून बघू, असं यंत्र म्हणत नाही. परिणामी कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग सकाळी उघडतं, दुपारी उघडत नाही, रात्री पुन्हा उघडतं. सततचा बिघाड शोधता येतो, हा अधूनमधूनचा माणसाला वेड लावतो. दुसरी चौकट रिकामी ठेवावी, किंवा तिथे घरातल्याच दुसऱ्या सर्व्हरचा आकडा भरावा.

चौकटी बरोबर भरूनही एखादा मोबाइल ऐकत नाही, तेव्हा तीन ठिकाणी पाहावं. अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून, फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ची सोय आहे, तिथे बाहेरच्या सर्व्हरचं नाव भरलेलं असेल तर फोन घरच्या सर्व्हरला विचारतच नाही. काही ब्राउझर स्वतःच बंद नळीतून बाहेर विचारतात, त्याची पद्धत २०१८च्या आरएफसी ८४८४ मध्ये आहे. तिसरी जागा आयपीव्ही६. नेटवाल्याकडून ही नवी पत्तेव्यवस्था चालू असेल तर राउटर त्या वाटेनेही एक डीएनएस सर्व्हर जाहीर करतो, आणि तो बहुधा कंपनीचा असतो. पुस्तिकेतलं आयपीव्ही६चं प्रकरण लांबलं आहे ते यामुळेच.

आता नावाच्या शेवटी काय लावायचं, हा प्रश्न. दिसतो किरकोळ, पण इथे मोठमोठ्यांचे हात पोळले आहेत. वेबसाइटी बनवणारे लोक आपल्या संगणकावरच्या कच्च्या कामाला वर्षानुवर्षं ‘.डेव्ह’ हे शेपूट लावत, कारण बाहेर तसं काही नव्हतं. पुढे ‘.डेव्ह’ ही खरी हद्द झाली आणि गुगलकडे गेली. डिसेंबर २०१७ मध्ये क्रोमची ६३वी आवृत्ती आली तेव्हापासून त्या शेपटीचं प्रत्येक पान एचटीटीपीएसवरच उघडू लागलं आणि ठिकठिकाणच्या कच्च्या साइटी एका रात्रीत बंद पडल्या. जर्मनीतल्या एव्हीएम या कंपनीची गोष्ट आणखी बोलकी. तिच्या राउटरांचं पान उघडायला ग्राहक ‘फ्रिट्झ.बॉक्स’ असं लिहीत. ‘.बॉक्स’ ही हद्द सर्वांसाठी खुली झाल्यावर जानेवारी २०२४ मध्ये तेच नाव दुसऱ्याच कुणी नोंदवून टाकलं. घरातल्या जाळ्यावर सगळं ठीक होतं. पण मोबाइल डेटावरून ते नाव लिहिणारा परक्याच्या पानावर पोचू लागला. कंपनीला दाद मागून नाव परत मिळवावं लागलं.

म्हणून मनाला येईल ते शेपूट लावू नये. घरासाठी राखून ठेवलेली नावं आहेत : २०१८च्या आरएफसी ८३७५ ने ‘होम.आर्पा’ दिलं, आणि आयकॅन या संस्थेने जुलै २०२४ मध्ये ‘.इंटर्नल’ कायमचं खासगी वापरासाठी राखलं. दुसरं लिहायला आणि सांगायला सोपं आहे, म्हणून पुस्तिकेतली उदाहरणं तेच वापरतात. नुसतं ‘.होम’ बरं दिसतं खरं, पण ते घरांसाठी नीट राखलेलं नाही. २०१८ साली आयकॅनने ते कुणाला द्यायचं नाही एवढंच ठरवलं.

‘.लोकल’ची तऱ्हा निराळी. ते शेपूट मल्टिकास्ट डीएनएसचं, ज्याचे नियम स्टुअर्ट चेशायर आणि मार्क क्रॉख्मल यांनी फेब्रुवारी २०१३च्या आरएफसी ६७६२ मध्ये लिहिले. त्यात दप्तर ठेवणारा कुणी नसतोच. लॅपटॉप जाळ्यावर पुकारा करतो, अमुक नावाचं कोण आहे, आणि ज्याचं नाव असेल तो स्वतः उत्तर देतो. अ‍ॅपलची यंत्रं हे बोंझूर नावाने करतात, लिनक्सवर अवाही करतं, अलीकडच्या विंडोजलाही जमतं. प्रिंटरसाठी हे उत्तम, आणि इथे मराठी घराला एक सुखद धक्का बसतो : साध्या डीएनएसमध्ये नाव मूळच्या नियमांनुसार इंग्रजी अक्षरं, अंक आणि आडव्या रेघेतच बसवावं लागतं, तर इथे देवनागरी थेट चालतं. छपाईच्या यादीत ‘माडीवरचा प्रिंटर’ असं लिहिलेलं दिसू शकतं. पण पुकारा राउटरच्या पलीकडे जात नाही. खालच्या मजल्यावर एक राउटर आणि वरच्या मजल्यावर वेगळ्या जाळ्याचा दुसरा, अशी रचना असेल तर माडीवरचा प्रिंटर तळमजल्याला सापडणार नाही. आणि आपल्या हाताने भरलेल्या दप्तराला ‘.लोकल’ कधीही लावू नये. दोन पद्धती एकमेकींच्या पायात येतात.

नावं कोणती ठेवावीत यावरही एक आरएफसी आहे, क्रमांक ११७८. डॉन लीब्स यांनी १९९० साली ती लिहिली आणि अजून ती वाचताना हसू येतं. यंत्राला कामावरून नाव देऊ नये, काम बदलतं. स्वतःचं नाव देऊ नये, यंत्राबद्दल बोलतोय की माणसाबद्दल हे कळत नाही. एखादा विषय धरून नावं द्यावीत, असं तिचं सांगणं आहे. मुळशीकराने किल्ले घ्यावेत. तालुक्यातच घनगड, कोरीगड आणि कैलासगड आहेत, तिकोना आणि तुंग शेजारच्या मावळातून उसने आणता येतात. अडचण एकच : इंग्रजीत लिहिताना कोरीगडात दीर्घ ई कशी दाखवायची आणि गडाला ‘डी’ की ‘डीएच’, यावर घरात तीन मतं पडतात. ज्या नावाचं स्पेलिंग दोन प्रकारे होऊ शकतं ते टाळा, असं लीब्सनेही बजावलं आहे. ‘तुंग’ बरं. आणि क्रोममध्ये नुसतं ‘तुंग’ लिहून एंटर दाबलं तर ते किल्ल्याची माहिती शोधत सुटतं. पुढे एक तिरपी रेघ दिली की मग घरातला डबा उघडतो.

पुस्तिका कुणासाठी आहे? नेटवर्क इंजिनियरला तिचा उपयोग कमीच. ज्याला राउटरचं पान उघडता येतं, फाइल सेव्ह करता येते आणि घरात जो ‘कॉम्प्युटरमधलं कळणारा’ म्हणून ओळखला जातो, त्याच्यासाठी ती आहे. त्याने सुरुवातीला संगणकाला हात न लावता एक कागद घ्यावा आणि प्रत्येक यंत्राचं ठरवलेलं नाव, आकडा, स्टिकरवरचा हार्डवेअर पत्ता आणि ते कुठल्या खोलीत आहे हे लिहावं. मोबाइलना यात घेऊ नये : त्यांना कुणी नावाने शोधत नाही, शिवाय २०१९च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२०च्या आयओएस १४ पासून फोन खरा हार्डवेअर पत्ता लपवतात. कागद तयार झाला की राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड लागेल. तो खालच्या स्टिकरवर छापलेला असतो किंवा जोडणी करून गेलेल्या मुलाने बदललेला असतो. दुसरी शक्यता असेल तर नेटवाल्याला फोन करून तो मागून घ्यावा आणि मग पहिल्या प्रकरणाला लागावं. त्याने द्यायला नकार दिला तर पहिलं प्रकरण सोडून दुसऱ्यापासून, होस्ट्स फाइलपासून, सुरुवात करता येते. तिला कुणाची परवानगी लागत नाही.